रिपोर्टमध्ये काहीच निघत नाही, मग जीव का घाबरा होतो?

माजलगाव भागातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वय ३१, कृषी सेवा केंद्र चालवतात. श्रावणात एका रात्री दोनच्या सुमाराला ते झोपेतून दचकून उठले. छातीत धडधड, दम कोंडलेला, हातापायाला मुंग्या, दरदरून घाम आणि 'आता आपण काही वाचत नाही' अशी खात्रीच. भावाने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल आला, सलाईन लावलं, तासाभरात बरं वाटलं. पुढे पुन्हा पुन्हा तसंच होत गेलं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. एक डॉक्टर म्हणाले गॅस आहे, दुसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. आईने देवऋषीकडून अंगारा आणला. आता ते एकटे मोटारसायकलवर जात नाहीत. खिशात गोळी, हाताशी पाण्याची बाटली. त्यांचं म्हणणं असं: "सगळे सांगतात काहीच नाही. मग मला होतंय ते काय? मी मरणार का? वेड लागेल का? आणि मी तर झोपलो होतो, झोपेत कशाचं टेन्शन घेतलं?"

आधी त्या 'काहीच नाही'बद्दल. रिपोर्टमध्ये काही नाही आणि तुम्हाला काही होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची धडधड खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत, घाम खरा आहे. तुम्ही नाटक करत नाही आणि तुमचं मन कमकुवतही नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात. यात शरीर जे काही करतं ते तुम्हाला वाचवण्यासाठी करतं, फक्त वेळ चुकलेली असते. हे तुम्हाला नुसतं पटून भागणार नाही, नीट कळलं पाहिजे, म्हणून जरा खोलात जातो.

आपल्याकडे रब्बीत शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. मोटार चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरून निघालात आणि पायाखाली काहीतरी वळवळलं. साप आहे की पाइपाचा तुकडा, हे कळायच्या आत तुम्ही उडी मारून बाजूला झालेले असता. ती उडी तुम्ही ठरवून मारलेली नसते. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, तो विचाराची वाट बघत नाही. तो थेट इशारा देतो. मज्जातंतूंमधून क्षणात हुकूम सुटतो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. ही लढा किंवा पळा अशी तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली ती सविस्तर मांडली, पण ती आपल्यात माणूस शेती करायला लागला त्याच्याही फार आधीपासून आहे. दोरीला साप समजून दहा वेळा उडी मारणारा जगतो. सापाला एकदाच दोरी समजणाऱ्याचं तसं नसतं. त्यामुळे ही यंत्रणा चुकलीच तर घाबरण्याच्या बाजूने चुकते.

आता तुमची एकेक तक्रार या तयारीशी लावून बघा. पळायचं तर मांड्यांना, दंडांना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात पंप करतं. ही धडधड. ते रक्त कुठून तरी वळवावं लागतं, म्हणून कातडीचं आणि पोटाचं कमी होतं. त्यामुळे हात गार पडतात, चेहरा उतरतो, पोटात ढवळतं, मळमळतं. पचन हे या घडीला बिनमहत्त्वाचं काम, म्हणून तोंडही कोरडं पडतं आणि संडासला पळावंसं वाटतं. गॅस म्हणणाऱ्या डॉक्टरांना पोटाचा हा भाग दिसला होता, पण त्याचं मूळ पोटात नव्हतं. अंग तापू नये म्हणून घाम. जास्त उजेड आत यावा म्हणून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, त्यामुळे साधी ट्यूबलाईटसुद्धा डोळ्यात खुपते. छातीच्या बरगड्यांमधले स्नायू ताणले जातात, तिथे टोचल्यासारखं, आवळल्यासारखं होतं. यातली एकही गोष्ट बिघाड म्हणावी अशी नाही. तुम्ही खरोखर पळत असता तर यातलं काही तुमच्या लक्षातही आलं नसतं. तुम्ही अंथरुणात बसून होतात आणि शरीर शर्यतीला निघालं होतं, हीच अडचण.

मुंग्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते याला. हाताची बोटं आखडून आत वळली की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो 'लकवा'. यामागचं कारण बहुतेक वेळा श्वासात असतं. दम कोंडतोय असं वाटलं की आपण भराभर आणि मोठे श्वास घेतो. ऑक्सिजन आधीच पुरेसा असतो, तो फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तेवढा बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरतं, डोकं हलकं होतं, समोरचं सगळं सिनेमात बघितल्यासारखं परकं वाटतं. शिवाय रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल हलतो, त्यामुळे मज्जातंतूंना मोकळं मिळणारं कॅल्शियम तात्पुरतं घटतं. त्यातून ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात आणि बोटं वळतात. गंमत बघा, आपल्याला हवा कमी पडतेय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात आपण हवा जास्त घेत असतो. श्वास संथ झाला की काही मिनिटांत हे सगळं आपोआप मागे फिरतं. लकव्याची बोटं सहसा अशी परत येत नाहीत, आणि लकवा सहसा एका बाजूला होतो, दोन्ही हातांना एकदम नाही.

आणि ते सलाईन. त्यात बहुतेक वेळा मीठ-पाणी किंवा ग्लुकोजच असतं. तुम्हाला बरं वाटलं ते खरं, पण त्याचं श्रेय वेळेला. पॅनिकची लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरायला लागते. अर्ध्या-पाऊण तासात बहुतेकांचं बरंचसं ओसरतं, थकवा मात्र उरतो. दवाखान्यात पोहोचून, केस पेपर काढून, सुई टोचेपर्यंत लाट उतरलेली असते. पण मनात नोंद होते ती 'सलाईनने वाचलो' अशी, आणि पुढच्या वेळी पावलं तिकडेच वळतात. आमच्या भागात सलाईनवरचा हा विश्वास इतका मुरलेला आहे की त्याविरुद्ध बोललं तर पेशंट डॉक्टर बदलतो. तरी बोललं पाहिजे.

झोपेत कशाचं टेन्शन, हा तुमचा सवाल अगदी रास्त आहे. रात्रीचे अटॅक बहुधा स्वप्नाच्या झोपेत येतच नाहीत. झोप गाढ होत जाताना, स्वप्नं नसतात त्या टप्प्यात येतात. म्हणजे वाईट स्वप्न पडलं, कुणी छातीवर बसलं, असं काही नसतं. झोपेत श्वास, हृदयाची गती थोडीथोडी बदलत असते आणि आधीच सावध होऊन बसलेली यंत्रणा त्या बदलालाच धोका समजते. शेतातल्या आखाड्यावरचं राखणीचं कुत्रं काही रात्री चोर आला म्हणून भुंकतं, काही रात्री नुसतं पान वाजलं म्हणून. भुंकणं दोन्ही वेळा तेवढंच मोठं असतं.

ही यंत्रणा इतकी सावध का झाली, याचं एकच कारण क्वचित सापडतं. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की हंगामात बियाणं-खत उधारीवर गेलंय, वसुली सोयाबीन विकल्यावर, आणि कंपनीचे पैसे मात्र आत्ता भरायचे आहेत. रात्री एकपर्यंत हिशेब, दिवसभरात चहावर चहा, तंबाखू. झोपेची कमतरता, चहातलं कॅफिन, तंबाखूतलं निकोटिन या तिन्ही गोष्टी हृदय जलद करतात. दारू घेणाऱ्यांना ती उतरताना, दुसऱ्या दिवशी असं होतं. काहींच्या घरात हा स्वभाव रक्तातूनच आलेला असतो. म्हणून 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला मला कधीच उपयोगाचा वाटला नाही. टेन्शन कुणी दुकानातून घेत नाही. उधारी आहे तोवर काळजी राहणार, आणि काळजी म्हणजे रोग नव्हे.

हा फरक आमच्या मराठवाड्याला तरी समजायला अवघड जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या काही मिनिटं आधी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-धाराशिवकडची कितीतरी माणसं घरं शाबूत असूनही बाहेर झोपत होती, ट्रकच्या आवाजाने दचकत होती. त्यांना कुणी वेडं म्हणालं नाही. हिंगोली जिल्ह्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, तेव्हा लोक घराबाहेर धावतात. तेही योग्यच. धोका असताना भीती वाटणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. धोका टळून गेल्यावरही ती भीती मुक्कामाला राहिली, रोजचं जगणं आवळायला लागली, की मग उपचाराची वेळ येते.

तुमच्या बाबतीत ती मुक्कामाला कशी राहिली, ते आता सांगतो, कारण उपचाराची चावी इथे आहे. पहिला अटॅक कुणालाही येऊ शकतो. पुष्कळांना आयुष्यात एखादा येतो आणि विषय संपतो. तुमचा संपला नाही, कारण त्या रात्रीनंतर तुम्हाला धोका वाटू लागला तो स्वतःच्या छातीचाच. जिना चढलात, थोडी धडधड झाली, मनात आलं 'आला बहुतेक', त्या विचाराने अ‍ॅड्रिनॅलिन सुटलं, धडधड वाढली, खात्री पटली. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हे चक्र मांडलं: शरीरातल्या साध्या खुणांचा भयंकर अर्थ लावणं हेच पॅनिकचं इंधन. त्यावर तुम्ही एकटं जाणं टाळलंत. टाळलं की लगेच हायसं वाटतं, पण मेंदू त्यातून शिकतो की भावाला बरोबर नेलं म्हणून जगलो. बाटली, खिशातली गोळी, घरी आणलेलं बीपीचं मशीन, कोरोनापासून कपाटात पडलेलं ऑक्सिमीटर, मोबाईलवर रात्री शोधलेली 'हार्ट अटॅकची लक्षणं', हे सगळे तुमचे रक्षक बनलेत आणि तेच भीतीला पोसतायत.

मराल का? पॅनिकने हृदय बंद पडत नाही. जिना चढताना, पळताना ते याहून जास्त काम करतं. चक्कर येऊन पडाल ही भीतीही बहुतेकांना असते. बेशुद्ध पडतो तो रक्तदाब एकदम खाली गेल्यामुळे, आणि पॅनिकमध्ये तो वाढलेला असतो, म्हणून त्यात माणूस क्वचितच पडतो. रक्त किंवा सुई बघून भोवळ येणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा दाब खरंच घसरतो. वेड लागेल का? नाही. समोरचं जग परकं वाटणं हे भीतीचं आणि श्वासाचं देणं आहे. त्यातून पुढे भ्रम, भास असा आजार तयार होत नाही.

पण इथे डॉक्टर म्हणून हात आखडता घेतो. पहिल्यांदा असं झालं की दवाखान्यात जाणं बरोबरच होतं. छातीत दुखणं चालताना, कष्ट करताना वाढत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, खरोखर शुद्ध हरपली असेल, वय चाळीशीच्या पुढे असेल, शुगर-बीपी असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसायचं नाही. बायकांच्या बाबतीत तर हे फार होतं. तिची धडधड 'तिला सवयच आहे' म्हणून सोडून देतात आणि निघतं थायरॉइड किंवा सहावर आलेलं हिमोग्लोबिन. एकदा नीट तपासणी, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर इको. तुमचं हे झालेलं आहे. आता नवीन लक्षण नसताना पाचवा ईसीजी काढणं ही तपासणी राहत नाही, तो दिलासा असतो, आणि तो दोन दिवसांच्या वर पुरत नाही.

लाट आली की काय करायचं? थोडक्यात सांगायचं तर, तिला थांबवायच्या मागे लागू नका. लोक सांगतील 'दीर्घ श्वास घ्या', आणि माणूस छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतो, म्हणजे वर सांगितलेल्या मुंग्या अजून वाढवतो. त्यापेक्षा नाकाने छोटा, शांत श्वास घ्या आणि सोडताना वेळ लावा. मनात चारपर्यंत मोजत घ्यायचा, सहापर्यंत मोजत सोडायचा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. खरोखर हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर तो अंगाशी येतो. जिथे आहात तिथेच थांबा, गाडीवर असाल तर बाजूला लावा. स्वतःशी म्हणा, 'हे अ‍ॅड्रिनॅलिन आहे, दहा मिनिटांचं काम.' उतरलं की जे करत होतात ते पुढे चालू करा. काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर बिल पूर्ण करा. घरी पळून आलात तर लाट उतरल्याचं श्रेय पुन्हा घराला जाईल.

मूळ काम मात्र लाट नसताना करायचं आहे. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, पॅनिकसाठी ती उत्तम लागू पडते. त्यात एक भाग लोकांना उलटा वाटतो. आम्ही पेशंटला मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतो, खुर्चीत गोल फिरवतो, बारीक नळीतून श्वास घ्यायला सांगतो, म्हणजे धडधड, गरगर, दम लागणं हे सगळं स्वतःच्या हाताने आणायचं आणि बघायचं की पुढे काही होत नाही. हृदयाचा, दम्याचा, फिट्सचा त्रास नाही याची खात्री करून आणि सुरुवातीला जाणकार माणसासमोरच. दुसरा भाग टाळलेल्या जागांचा. तुमच्यासाठी मी असं सुचवेन: आधी एकट्याने गाडीवर गावातल्या गावात, मग धरणापर्यंत, मग परळी रोडला थोडं बाहेर, मग एसटीने एकट्याने बीड. प्रत्येक टप्पा कंटाळा येईपर्यंत परत परत. भीती शून्यावर आल्यावर निघायचं, असं ठरवलंत तर कधीच निघणार नाही. भीती बरोबर घेऊनच निघायचं. बाटली पहिल्या काही फेऱ्यांत राहू द्या, नंतर घरी ठेवा.

गोळ्यांबद्दल लोकांच्या मनात दोन टोकं आहेत. तुमच्या खिशातली गोळी बहुधा अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम असणार. ती अर्ध्या तासात शांत करते, म्हणून आवडते. पण रोज घेतली तर काही आठवड्यांत सवय लागते, मात्रा वाढते आणि एकदम बंद केली तर पॅनिकहून वाईट त्रास होतो. चिठ्ठीशिवाय ती मिळता कामा नये, आणि मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही रोज घेत असाल तर आज हे वाचून फेकून देऊ नका, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या. दुसऱ्या गटातल्या, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांची अशी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढल्यासारखी वाटू शकते, म्हणून लहान मात्रेने सुरू करतात. गंमत अशी की याच आठवड्यात पुष्कळ लोक 'गोळी सोसली नाही' म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही त्या काही महिने, बहुधा वर्षभर चालतात आणि हळूहळू बंद होतात. आयुष्यभर घ्याव्या लागतील, ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. गोळी लागेलच असंही नाही. त्रास किती आणि समुपदेशन कितपत मिळतंय, यावर ते ठरतं.

आईवर रागावू नका. मुलाला रात्री घाम फुटलेला तिने पाहिलाय, तिला जे माहीत आहे ते तिने केलं. अंगारा लावला तर लावू द्या. पण कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, उपाशी ठेवा म्हणालं, मारझोड किंवा हजारोंचा खर्च सांगितला, तर तिथून उठायचं. बायकोला आणि भावाला हे सगळं वाचून दाखवा. त्यांनी दर वेळी गाडी काढण्यापेक्षा शेजारी बसून 'उतरेल' एवढं म्हणणं जास्त उपयोगाचं.

एक प्रश्न तुम्ही समोर असता तर मी विचारलाच असता, म्हणून इथेही विचारतो. या सगळ्याला कंटाळून जगणंच नको असं मनात येतं का? दुकानात कीटकनाशकं हाताशी असतात, म्हणून मुद्दाम. येत असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. आजच घरातल्या एकाला सांगा, दुकानाच्या किल्ल्या त्याच्याकडे द्या, आणि १४४१६ या टेलीमानसच्या सरकारी क्रमांकावर बोला. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. साध्या घाबरण्यासाठीही तिथे फोन करता येतो.

तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं पडेल, तिथे मनोविकार विभाग आहे. संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात, लातूरला आणि नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी महाविद्यालयातही आहे. ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरांना वेळ कमी, म्हणून घरूनच एका कागदावर लिहून न्या: पहिला अटॅक कधी, शेवटचा कधी, कुठे जाणं टाळता, दिवसाला किती चहा, किती तंबाखू, किती झोप, आणि कुठली गोळी किती दिवसांपासून. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप घेऊन जा.

राहता राहिला उपवास. श्रावणातला सोमवार धरलेला होता आणि अटॅक त्याच रात्री आला, म्हणून सोडू का, असं तुम्ही विचारलंय. सोडायची गरज नाही. पण दिवसभर रिकाम्या पोटी नुसत्या चहावर काढला तर हात थरथरणार, धडधडणारच, आणि तुम्ही त्याचा अर्थ भलताच लावाल. भगर, शेंगदाणे, केळी, ताक पोटात जाऊ द्या. चहा दोन कपांवर थांबवा, आणि संध्याकाळी पाचनंतर नकोच.